“लेडीज पुढे आहेत, म्हणजे झालंच!”

मागच्या हिवाळ्यात निधी देणाऱ्या एका संस्थेच्या बैठकीसाठी पुण्याला गेले होते. विषय होता किशोरवयीन मुलींची शाळागळती, आणि जागा होती एका गोल्फ क्लबचं सभागृह. (अशा विषयांना अशाच जागा का लागतात, यावर कधीतरी स्वतंत्र लिहायला हवं.) अमरावतीहून रात्रभर प्रवास करून आलेली मी जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्यात उभी होते. समोर नजर पोचेल तिथवर हिरवळ. लांबवर चार बायका चाललेल्या, त्यांच्यामागे पिशव्या उचलणारी माणसं. माझ्या शेजारी दोन गृहस्थ आपली पाळी यायची वाट बघत होते. एकानं घड्याळ पाहिलं आणि दुसऱ्याला म्हणाला, “लेडीज पुढे आहेत, म्हणजे झालंच!” दुसरा हसला.

मैत्रिणींनो, गोल्फमधलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. पण ते वाक्य ओळखीचं होतं. रस्त्यावर पुढची गाडी जरा अडखळली की “बाई असेल” म्हणणारं, बँकेच्या रांगेत पुढे बाई दिसली की उसासा टाकणारं, ग्रामसभेत बाई बोलायला उठली की “आटपा लवकर” म्हणणारं तेच वाक्य. फक्त इथं ते इस्त्रीच्या कपड्यांत होतं.

पायरीवर एक वयस्क कॅडी बसले होते. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची काठ्यांची पिशवी वाहणारा माणूस. त्यांना विचारलं, “काका, या बायका खरंच फार सावकाश खेळतात का हो?” काकांनी आधी त्या दोघांकडे पाहिलं, मग आवाज उतरवून म्हणाले, “ताई, बायकांचा चेंडू लांब जात नाय, पण हरवत बी नाय. साहेबांचा लांब जातो अन् झाडीत जातो. मग शोधत बसा.”

काकांच्या या दोन वाक्यांनी मला कामाला लावलं. अमरावतीला परत आल्यावर मी गोल्फचे नियम वाचून काढले. आमच्या कार्यालयातल्या सहकारी मैत्रिणीनं कपाळाला हात लावला. “कापसाला भाव नाही, पोरींची लग्नं सोळाव्या वर्षी लागताहेत, आणि तू गोल्फ वाचतेस?” तिचं चूक नाही. गोल्फ हा आपला खेळ नाही. त्या गवताला लागणाऱ्या पाण्याचा हिशेब मांडला तर खारपाणपट्ट्यातल्या बाईला भोवळ येईल. तरी मी हा लेख लिहिते आहे, कारण एक जुना आरोप उघडा पाडायला यापेक्षा सोयीची जागा मला दुसरी सापडली नाही. “बायकांमुळे उशीर होतो” हे आपल्याला चुलीपासून कचेरीपर्यंत ऐकवलं जातं, पण तिथं कोणी घड्याळ लावून बसलेलं नसतं. गोल्फमध्ये ते लावतात.

आधी खेळ समजून घेऊ. मैदानात अठरा ठिकाणी जमिनीत लहानसा खड्डा असतो. ठरलेल्या जागेवरून चेंडू मारत मारत त्या खड्ड्यात घालायचा आणि पुढच्या खड्ड्याकडे निघायचं. तीन-चार जणांचे गट ठराविक अंतरानं एकामागोमाग एक सोडतात. वाट एकच. पुढचा गट रेंगाळला की मागचा खोळंबतो, त्याच्या मागचाही खोळंबतो, आणि सकाळी एकानं घालवलेली दहा मिनिटं दुपारपर्यंत सगळ्यांना भरावी लागतात. म्हणून या खेळात गतीला फार महत्त्व. चौघांच्या गटाचा एक पूर्ण फेरा चार तासांच्या आसपास व्हावा अशी साधारण अपेक्षा असते.

२०१९ मध्ये नियम बदलले ते बरेचसे याच कारणानं. हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी ५ मिनिटं मिळत, ती ३ झाली. आपली पाळी आल्यावर ४० सेकंदांच्या आत फटका मारावा अशी शिफारस आली. ज्याची तयारी झाली त्यानं आधी मारावं, मानपान बघत थांबू नये, असंही सांगितलं. आणखी एक पद्धत आहे ती मला आवडली. आपल्यामुळे मागचा गट अडतोय असं दिसलं तर बाजूला व्हावं, त्यांना पुढे जाऊ द्यावं आणि मग आपल्या चालीनं खेळावं.

आता साधा हिशेब करू. चौघांनी प्रत्येकी ९० फटके मारले तर झाले ३६०. प्रत्येक फटक्याआधी नुसते १० सेकंद जास्त घेतले, म्हणजे काठी दोनदा हवेत फिरवून पाहिली, हातमोजा काढून घातला, फोनवर “हां, बोलतो नंतर” म्हटलं, की झाले ३,६०० सेकंद. म्हणजे एक तास! चेंडू शंभर पावलं कमी गेला म्हणून हा तास जात नाही. चालण्याचं अंतर सगळ्यांना सारखंच असतं, आणि फटका आखूड असणाऱ्यांसाठी सुरुवातीची जागा पुढे आखलेली असते. कमी सराव असलेल्या माणसाला फटके जास्त लागतात, हे खरं. पण कमी सराव असणं ही काही बाईची जात नाही. मैदानावर येऊ दिलं नाही तर सराव कुठून होणार?

आणि येऊ दिलं नाही, याचा इतिहास चांगला लांबलचक आहे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज या गोल्फच्या पंढरीत १८६७ साली बायकांचा वेगळा क्लब निघाला, तो फक्त छोट्या हिरवळीवर चेंडू हळूच ढकलण्यापुरता. काठी खांद्याच्या वर नेणं बाईला शोभत नाही, अशी समजूत होती. १८९० साली लॉर्ड वेलवुड नावाच्या गृहस्थांनी एका प्रतिष्ठित ग्रंथात लिहून ठेवलं की बायकांचा फटका सत्तर-ऐंशी यार्डांपलीकडे जाऊ नये. ताकद नाही म्हणून नव्हे, तर त्या पोशाखात तशी अंगविक्षेपाची हालचाल बरी दिसत नाही म्हणून. म्हणजे पोशाख तुम्ही ठरवायचा, त्या पोशाखात हात किती उचलायचा तेही तुम्हीच ठरवायचं, आणि मग “हिचा चेंडू लांब जात नाही, हिच्यामुळे खेळ रखडतो” असं म्हणायलाही तुम्हीच मोकळे!

ही झाली एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. आता अगदी अलीकडची सांगते. स्कॉटलंडमध्येच म्युरफिल्ड नावाचं नामांकित मैदान आहे. ते ज्या क्लबचं, त्याच्या सभासदांनी १७४४ साली गोल्फचे पहिले लेखी नियम केले. या क्लबात बायकांना सभासदत्व द्यावं का, यावर मे २०१६ मध्ये मतदान झालं. विरोधकांनी सभासदांना पत्र लिहिलं. त्या पत्रातली कारणं वाचून मला व्हरांड्यातले ते दोघं आठवले. आमच्या क्लबाची जलद खेळण्याची परंपरा आहे, दुपारच्या जेवणाची विशिष्ट रीत आहे, बायका आल्या की हे सगळं धोक्यात येईल, असा त्याचा सूर! ६४ टक्के मतं बाजूनं पडली, पण दोन तृतीयांश लागत होती, म्हणून ठराव पडला. पावणेतीनशे वर्षांच्या संस्थेत बाई नको, आणि कारण काय, तर तिच्यामुळे जेवायला उशीर होईल. जगात कुठेही जा, पुरुषाच्या जेवणाची वेळ चुकवणं हाच बाईचा मोठा गुन्हा.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. निकाल लागताच जगप्रसिद्ध ‘ओपन’ स्पर्धेच्या यजमान मैदानांच्या यादीतून म्युरफिल्डला वगळण्यात आलं. मान आणि पैसा दोन्ही जाताना दिसले. दहा महिन्यांत, मार्च २०१७ मध्ये, त्याच सभासदांनी पुन्हा मतदान केलं आणि ८० टक्क्यांनी होकार दिला. दहा महिन्यांत बायकांची चाल तर काही वाढली नव्हती. २०१९ मध्ये पहिल्या बायका सभासद झाल्या आणि २०२२ मध्ये महिलांची ‘ब्रिटिश ओपन’ त्याच मैदानावर झाली. दक्षिण आफ्रिकेच्या ॲशली बुहाईनं ती जिंकली, अंधार पडत असताना, जादा चौथ्या होलवर. जेवणाचं काय झालं ते कोणी विचारलं नाही.

अमेरिकेत तऱ्हा निराळी. तिथं कित्येक क्लबांत शनिवार-रविवारची सकाळ पुरुषांसाठी राखलेली असे. कारण? पुरुष आठवडाभर काम करतात, त्यांना वेळ नसतो. बायकांनी मंगळवारी दुपारी खेळावं. नोकरी करणाऱ्या बायकाही त्यात आल्याच. मॅसॅच्युसेट्स राज्यात हॅव्हरहिल गावच्या क्लबवर काही सभासद बायकांनी असल्या भेदभावाबद्दल दावा लावला. १९९९ मध्ये ज्युरीनं त्यांच्या बाजूनं निकाल देऊन जवळपास वीस लाख डॉलर भरपाई ठरवली आणि वरच्या न्यायालयानंही पुढे बायकांचीच बाजू उचलून धरली. त्यांनी मागितलं होतं काय? सकाळ.

इथं कोणी म्हणेल, बाई खेळाडू कधी रेंगाळतच नाहीत काय? रेंगाळतात की. व्यावसायिक खेळाडूंमध्ये बाई-पुरुष दोघंही भयंकर वेळ घेतात. २०१२ मध्ये मॉर्गन प्रेसेल ही अमेरिकन खेळाडू एका सामन्यात आघाडीवर असताना तिला वेळ घेतल्याबद्दल एक होल गमावावा लागला. २०२३ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियां स्पर्धेत स्पेनच्या कार्लोता सिगांदाला याच कारणावरून दोन फटक्यांचा दंड झाला; तिनं तो आपल्या गुणपत्रकात धरला नाही म्हणून ती बादही झाली. २०२५ पासून तर अमेरिकेतल्या महिला दौऱ्यानं सेकंदांवर दंड बसवला आहे. ५ सेकंदांपर्यंत जास्त घेतले तर पैशांचा दंड, ६ ते १५ सेकंदांना एक फटका, १६ च्या पुढे दोन फटके. माझी त्याला हरकत नाही. घड्याळ लावा, सगळ्यांना लावा.

पण सगळ्यांना लावतात का? अमेरिकेच्या पुरुषांच्या मुख्य दौऱ्यावर १९९५ मध्ये एकाला रेंगाळल्याबद्दल फटक्याचा दंड झाला, आणि त्यानंतरचा दंड व्हायला २०१७ साल उजाडलं. बावीस वर्षं! या बावीस वर्षांत सगळे पुरुष घड्याळाच्या काट्यावर खेळले असं समजायचं? मधल्या काळात, २०१३ मध्ये, मोठमोठे धिम्या चालीचे खेळाडू ज्यात उतरतात त्या ‘मास्टर्स’ स्पर्धेत असा दंड झाला. कोणाला? गुआन तियानलांग या चौदा वर्षांच्या चिनी पोराला. नियम मोडला होता हे खरं असेलही. पण नियम पहिल्यांदा कोणाच्या अंगावर चालवून बघतात, हे आपल्याला, कोर्टकचेऱ्यांत बायांसोबत बसणाऱ्यांना, नव्यानं शिकवायला नको.

क्रिकेट तर आपल्या घराघरात आहे. कसोटीत पुरुषांनी दिवसाला ९० षटकं टाकायची असतात आणि ती पुरी होता होता संध्याकाळ लांबते. बायकांच्या कसोटीत दिवसाला १०० षटकं धरलेली आहेत. हो, शंभर! आणि दिवस मात्र पाचऐवजी चार. डिसेंबर २०२३ मध्ये नवी मुंबईत आपल्या बायकांनी इंग्लंडला ३४७ धावांनी हरवलं आणि मग वानखेडेवर ऑस्ट्रेलियाला हरवलं, त्या दोन्ही कसोट्या अशा चार दिवसांच्या होत्या. बाई जास्त वेगानं खेळते आणि तिला कमी दिवस मिळतात. कबड्डीच्या नियमांतही वर्षानुवर्षं पुरुषांना वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि बायकांना पंधरा-पंधराचे होते. म्हणजे आरोप असा की बाई वेळ खाते. हिशेब काढला की दिसतं, तिच्या ताटात वेळ वाढलेलाच कमी असतो.

तरी एक गोष्ट मला स्पष्ट म्हणायची आहे, कारण आपल्यातल्या काही जणींना गतीची भाषाच नकोशी वाटते. वेग म्हणजे भांडवलदाराचा चाबूक, बाईनं आपल्या लयीत जगावं, वगैरे. मला हे पटत नाही. दुसऱ्याचा वेळ न खाणं ही सभ्यता आहे आणि ती आपल्यालाही लागू आहे. आपल्या बैठका अकराला म्हणून बोलावतात आणि साडेबाराला सुरू होतात. तोवर तेल्हाऱ्याहून, धारणीहून पहाटेच्या एस.टी.नं आलेली बाई, जिनं त्या दिवसाची मजुरी सोडलेली असते, सतरंजीवर बसून राहते. मग आपण तिला बाईच्या श्रमाच्या मोलावर भाषण देतो. गोल्फचा नियम इथं आणला तर आपल्या निम्म्या पदाधिकारी दंडाला पात्र ठरतील. मीही त्यात आहे.

म्हणून वाद गतीशी नाही. गती कोण ठरवतं, कोणासाठी ठरवतं आणि मागे राहिलेलीचं काय करायचं, हा वाद आहे. याचं उत्तर मला गोल्फच्या नियमात अर्धं सापडलं आणि उरलेलं दर्यापूर तालुक्यात.

निंदणाला बाया एका ओळीत बसतात. प्रत्येकीच्या वाट्याला एक पात, म्हणजे तासांमधला पट्टा. सगळ्या एका टोकापासून निघतात. एखादीची पात मागे पडते, कारण गवत दाट असतं, नाहीतर ती नवी असते, नाहीतर पोटुशी असते. गेल्या पावसाळ्यात मी त्यांच्यासोबत दोन दिवस बसले. (माझी पात कायम शेवटी, हे सांगायला नकोच.) जिची पात आधी संपली ती धुऱ्यावर जाऊन बसली नाही. ती उलट फिरली आणि मागे राहिलेलीच्या पातीला दुसऱ्या टोकानं लागली. दोघी मधे भेटल्या. एकीला विचारलं तर म्हणाली, “तिचं लेकरू आंगावर पेते. तिची पात आमी घेतो ना मंग. उद्या माही राह्यली तं थे घेईन.” ओळ एकदमच पुरी झाली आणि सगळ्या एकदमच पाणी प्यायला उठल्या. चांगली गती म्हणतात ती ही. तिला नियमपुस्तक नव्हतं.

त्याच वेळी धुऱ्यावरून आवाज येत होता, “हात चालवा वं, तोंड नोका चालवू!” आवाज देणारे बाभळीखाली होते. फवारणीचे दोन गडी तिथंच तंबाखू मळत बसले होते, पंप बाजूला ठेवून, निवांत. त्यांना कोणी काही म्हटलं नाही. त्यांची मजुरी बायांपेक्षा जास्त, हे तुम्हाला माहीतच आहे.

आणि या बाया सकाळी शेतात येण्याआधी काय करून आलेल्या असतात? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची २८९ मिनिटं त्यात जातात असं निघालं. पुरुषाची ८८. आधीच्या, २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषानं आपलीही नऊ वाचवली! गोल्फचा एक फेरा चार तासांचा, २४० मिनिटांचा. आपली बाई रोज घरात एक अख्खा फेरा खेळते आणि वर पाऊण तास. तिला सावकाश म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारीन की तू ८८ मिनिटांत काय काय करतोस, ते जरा मोजून दाखव.

आता माझ्या स्वतःच्या चुकीकडे येते, खरंतर लेख तिच्यासाठीच लिहायला घेतला.

अकोल्यात एका मैदानावर आमच्या मुलींचा खो-खोचा सराव चालतो. बारा ते सतरा वयाच्या मुली, बहुतेक मोलकरणींच्या आणि हमालांच्या. वेळ चार ते पाच. पाचपासून मुलांचं क्रिकेट. वऱ्हाडात खेळाची परंपरा लहान नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं आहे, त्याची मंडळी १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आली. त्या अभिमानात आपण सगळे वाढलो. पण मुलींना दिवसाचा एक तास मिळवायला आम्हाला दोन वर्षं खेटे घालावे लागले.

तो एक तास असा जातो. चार वाजता मैदानावर दुपारची क्रिकेटवाली मुलं असतात. त्यांची “शेवटची ओव्हर” संपायला सव्वाचार, कधी साडेचार. मुली कुंपणाशी दप्तरं धरून उभ्या. मग पावणेपाचला पुढची मुलं यायला लागतात. ती रेषेवर उभी राहतात, बॅट जमिनीवर आपटतात, चेंडू मुद्दाम मुलींच्या चौकात जाऊ देतात. आणि तिथं उभी असलेली मी, समाजकार्यात एम. एस. डब्ल्यू. केलेली, किती शिबिरांत लिंगभावावर बोललेली मी, टाळ्या वाजवून म्हणते, “चला गं, आटपा! मुलं आली.”

हे मी दोन वर्षं करत होते. पुण्याहून परत आल्यावर एका संध्याकाळी असंच “आटपा” म्हटलं आणि आमची एक पंधरा वर्षांची धावपटू खांबाशी थांबली. धापा टाकत म्हणाली, “ताई, त्यायचा खेळ लांबला तं आपुन थांबतो ना? मंग आपला लांबला तं त्यायनं काहून नाही थांबायचं?”

मला उत्तर सुचलं नाही. पुढच्या गटाला बाजूला करून मागच्याला वाट काढून देणारी मीच. नियम असा होता की रेंगाळणाऱ्यानं बाजूला व्हावं. मी त्याचा अर्थ असा लावून बसले होते की मुलीनं बाजूला व्हावं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही एक वही ठेवली. कोण किती वाजता मैदानात उतरलं, किती वाजता निघालं, एवढंच. वहीत लिहायचं काम मुलींकडेच. पहिल्या आठवड्यात एकच दिवस असा निघाला की मुलींना चारला मैदान मिळालं. मुली पाचच्या पुढे गेल्या असा एकही दिवस नाही. वही बघून आमच्या प्रशिक्षक बाई गप्प झाल्या. त्यांनाही वाटत होतं की मुली सावकाश गोळा होतात म्हणून सराव अपुरा राहतो. मीसुद्धा निधी देणाऱ्यांना पाठवलेल्या अहवालात “मुलींमध्ये वेळेच्या शिस्तीचा अभाव” असं लिहिलेलं आहे. ते पान आता वाचवत नाही.

वही घेऊन संबंधितांकडे गेलो तेव्हा पहिलं उत्तर ठरलेलंच होतं. “मॅडम, मुलींना उशीर झाला तर घरी जाताना काही झालं म्हणजे? जबाबदारी कोणाची?” काळजीचं हे उत्तर फार चलाख असतं. त्याच मैदानावर मुलांच्या स्पर्धा असतात तेव्हा रात्री दहापर्यंत दिवे लागतात. तो दिवा मुलींसाठी सहापर्यंत लावला तर विजेचं बिल किती वाढेल? अंधाराची भीती दाखवून वेळ कापायची आणि दिवा लावायचा नाही, ही पोशाखामुळे हात उचलू नको म्हणणाऱ्या त्या लॉर्डसाहेबांचीच जात. मुलींच्या आयांनाही आम्ही विचारलं. एक आई म्हणाली, “सा वाजता मी कामावून येतो, मीच तिले घेऊन जाईन.” इतकं सोपं. तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

याच मुलींना मी ऑगस्ट २०२१ ची एक सकाळ सांगते. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये बंगळूरची अदिती अशोक गोल्फच्या शेवटच्या फेरीत पदकाच्या दारात होती. देशातल्या कितीतरी माणसांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा गोल्फ पाहिला. तिच्याबरोबरच्या बहुतेक जणींचे फटके तिच्यापेक्षा लांब जात होते. ती मात्र आखूड, सरळ मारायची आणि हिरवळीवर कमाल करायची. पदक थोडक्यात हुकलं, चौथी आली. तिची पिशवी वाहत होती तिची आई. मुलींना यात सगळ्यात नवल वाटलं ते पदकाचं नाही. “आई पुरे चार तास तिच्यासंगं मैदानात होती?” असं त्यांनी मला दोनदा विचारलं.

आमचा अर्ज आता दिलेला आहे. चार ते साडेपाच हा वेळ मुलींचा असावा, दोन्ही बाजूंच्या खेळाडूंनी वेळेवर मैदान सोडावं, उशिराची नोंद फाटकावरच्या वहीत व्हावी आणि संध्याकाळचे दोन दिवे लावावेत, असं त्यात लिहिलं आहे. मुलांचा वेळ आम्ही मागितलेला नाही. ती साडेपाचला येऊन सातपर्यंत खेळू शकतात, दिवे आले तर त्यांचंही भलंच. अर्जाला “बघू” असं तोंडी उत्तर मिळालं आहे. मधल्या काळात मी “आटपा” म्हणणं सोडलं आहे. जड जातं, जीभ सवयीनं वळते. परवा पाच वाजले तेव्हा डावाची दोन मिनिटं उरली होती. रेषेवर मुलं आली, बॅट आपटायला लागली. मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हटलं, “दोन मिनिटं थांबा रे, डाव संपतोय.” एकानं तोंड वाकडं केलं. बाकीची थांबली. वहीत ५.०२ अशी नोंद आहे.

अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, जिथं जिथं आपले गट मुलींना खेळवतात, तिथल्या मैत्रिणींनी महिनाभर अशी वही ठेवावी. दोनच रकाने पुरतात, मैदान मिळालं किती वाजता आणि सोडलं किती वाजता. नोंदी मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. अर्जावर पुढची भेट ठरेल तेव्हा अकोल्याबाहेरचे आकडेही आम्हाला समोर ठेवायचे आहेत.